जहाज संध्याकाळी निघून जाते, बंदर इथेच राहते



पावसाळा सरला, समुद्र निवळला की मुरगावच्या धक्क्याला पांढरी जहाजे लागायला सुरुवात होते. पहाटे आपल्या बोटी बांगडे-तारले घेऊन परत येत असतात आणि समोर हे दिव्यांनी लखलखलेले धूड उभे असते. वरच्या मजल्यावर कुणी पाहुणा कॉफीचा कप घेऊन उभा, खाली आपला खलाशी बर्फ फोडतोय. तो पाहुणा हात हलवतो, आपला खलाशीही हलवतो. फोटो निघतो. संध्याकाळी जहाज भोंगा वाजवून निघून जाते. बंदर मात्र इथेच राहते, आणि आपणही.

गेल्या काही महिन्यांत सोसायटीत बसल्यावर दोन प्रश्न परत परत निघतात. एक, पोराला क्रूझ जहाजावर नोकरीला पाठवू का? दोन, आपल्याकडे क्रूझची वर्दळ वाढली, मोठे टर्मिनल आले, तर आपल्या जेटीचे आणि जाळ्यांचे काय? प्रश्न वेगवेगळे वाटतात. आम्हाला मात्र दोन्हींचे उत्तर एकच दिसते. जहाजाला नाही म्हणायचे नाही, पण हिशेब आधी मागायचा. पोर चढण्याआधीही आणि जहाज धक्क्याला लागण्याआधीही.

आता हे जहाज म्हणजे किती मोठे, ते आधी बघू. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेतल्या मायामीहून 'आयकॉन ऑफ द सीज' नावाचे जहाज पहिल्या सफरीला निघाले. लांबी सुमारे 365 मीटर, 20 मजले, जास्तीत जास्त 7,600 पाहुणे आणि 2,350 कर्मचारी. म्हणजे जवळपास दहा हजार माणसे. आपल्याकडचा एखादा मोठा गाव उचलून पाण्यावर ठेवला, असेच समजा. त्या गावात हॉटेले, नाटकगृह, तलाव, दुकाने, दवाखाना, सगळे आहे. नाही तो फक्त बाजाराचा दिवस. कारण माल एकदाच, मूळ बंदरात, कंटेनर भरभरून चढतो. मासळीसुद्धा. दोन्ही वेळा मासे वाढणारे जहाज आपल्या डोळ्यांसमोर दिवसभर उभे असते, पण जेटीवरून एक टोपली इसवण त्यात चढत नाही. त्यांना गोठवलेला, कागदपत्रांसह आलेला, ठरलेल्या पुरवठादाराचा माल लागतो. त्यात त्यांची चूक नाही, आजारपण पसरले तर हजार माणसे एकदम पडतात. पण 'जहाज आले की मासळीला भाव मिळेल' असे जे कुणी सांगते, त्याने आधी हे समजून घ्यावे.

आपल्या आजोबांना आगबोट आठवायची. मुंबईहून निघून रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे करत ती पणजीला यायची. पावसाळ्यात बंद. कितीतरी ठिकाणी तिला लागायला धक्काच नव्हता. ती बाहेर उभी राहायची आणि आपले पडाव, होड्या उतारू आणि सामान किनाऱ्याला आणायच्या. म्हणजे आगबोट आली की किनाऱ्यावरच्या होडीवाल्याच्या हातात चार पैसे पडायचे. तिला आपली गरज होती, म्हणून तिने आपल्याला विचारले.

आजच्या क्रूझचा धंदा उलटा आहे. पाहुण्याने जहाजातच खावे, जहाजातच खर्च करावा, आणि उतरलाच तर जहाजाने ठरवलेल्या सहलीला जावे. काही कंपन्यांनी तर बंदरेच स्वतःची केली आहेत. बहामामधले कोकोके हे बेट एका कंपनीचे खासगी बेट आहे. हैतीमध्ये लाबादी नावाचा किनारा 1986 पासून त्याच कंपनीने भाड्याने घेतलेला आहे. तिथे खुर्ची त्यांची, शहाळे त्यांचे, गल्लाही बहुतेक त्यांचाच. म्हणून जहाज किती मोठे हे विचारण्यात अर्थ नाही. त्याला किनाऱ्यावरच्या माणसाची गरज किती, हे विचारायला हवे.

पोराला पाठवायचे का?

गोव्यात तारवटी ही आजची गोष्ट नाही. घरात एक माणूस जहाजावर असला की घरावर कौले जाऊन स्लॅब पडतो, बहिणीचे लग्न होते, बोटीचे कर्ज फिटते. हे खरे आहे आणि आम्ही ते नाकारणार नाही. मासळीचा धंदा आज कसा चाललाय हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. डिझेल, बर्फ, जाळी, इंजिनाचे पार्ट, सगळे महाग आणि जाळ्यात मासा कमी. अशा वेळी पोरगा म्हणाला 'बाबा, मी जहाजावर जातो', तर बाप कुठल्या तोंडाने नको म्हणणार?

पण जाणाऱ्याला आत काय आहे ते माहीत हवे. हॉटेल विभागातले करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे असतात. मग दीड-दोन महिने घरी, आणि त्या दिवसांचा पगार बहुधा नसतो. म्हणजे वर्षाचा हिशेब करताना बारा महिन्यांनी गुणू नका. करार चालू असताना रविवार नाही, चतुर्थी नाही, शिमगा नाही. झोपायची खोली खाली, पाण्याच्या रेषेजवळ, बऱ्याचदा खिडकी नसलेली, दोघांत एक, वर-खाली बिछाने. जहाजाच्या पोटातून पुढून मागपर्यंत जाणारा एक लांबच लांब बोळ असतो. अमेरिकेच्या मोठ्या हमरस्त्याच्या नावावरून कर्मचारी त्याला 'आय-95' म्हणतात. पाहुण्यांना तो कधी दिसत नाही. चादरी, भांडी, कचरा, सामान आणि माणसे, सगळे त्यातूनच धावते.

सगळ्यात कठीण दिवस पाहुणे बदलण्याचा. सकाळी जुने उतरतात, दुपारपासून नवे चढायला लागतात. मधल्या चार-पाच तासांत सगळ्या खोल्या परत नव्यासारख्या दिसायला हव्यात. त्याच दिवशी सामान चढवायचे, त्याच दिवशी नव्या पाहुण्यांना लाइफ जॅकेटची तालीम द्यायची, आणि संध्याकाळी परत हसत ताट वाढायचे.

आणि ती बंदरे? बार्सिलोना, सँतोरिनी, कोझुमेल? पाहुण्याला आठ तास मिळाले तर आपल्या पोराला दोन-तीन मिळतात, तेही पाळी नसेल तर. जहाज धक्क्याला असतानाही आग किंवा अपघात झाला तर लागतील म्हणून ठराविक माणसे आतच थांबावी लागतात. आमच्यातल्या एका घरचा मुलगा नऊ महिन्यांनी परत आला तेव्हा सगळे त्याला विचारत होते, काय काय बघितलेस? त्याने जी गावे सांगितली त्या प्रत्येक गावात त्याने बंदराजवळचे फुकट वायफायचे दुकान बघितले होते, आणि आईशी व्हिडिओ कॉल केला होता. बाकी गाव त्याने पाहुण्यांच्या फोटोत पाहिले.

हे ऐकून घाबरू नका. समुद्रावरच्या कामाची सवय आपल्या पोरांना आईच्या पोटातून असते. पण हक्क माहीत हवेत. जहाजावरच्या कामगारांसाठी मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन 2006 हा जागतिक करार आहे, भारताने तो 2015 मध्ये स्वीकारला. त्यात कोणत्याही 24 तासांत निदान 10 तास विश्रांती आणि 7 दिवसांत 77 तास विश्रांती सांगितली आहे. करार संपल्यावर घरी पाठवण्याचा खर्च मालकाचा. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नोकरी लावण्यासाठी कामगाराकडून एजंटाने फी घ्यायची नाही. पासपोर्ट, मेडिकल सर्टिफिकेट आणि सीडीसी यांचा खर्च तेवढा आपला.

मग आपल्याकडे लाख-लाख रुपये कशाचे मोजले जातात? आमच्या ओळखीच्या एका घराने त्यासाठी घरातले सोने मोडले. तारीख पुढे गेली, परत पुढे गेली, मग फोन लागायचा बंद झाला. पोर अजून घरी आहे, सोने गेले. म्हणून सांगतो, डीजी शिपिंगचा आरपीएसएल परवाना आहे की नाही, तो चालू आहे की नाही, हे बघितल्याशिवाय कुणाच्या हातात पासपोर्ट देऊ नका. सोसायटीच्या कार्यालयात कागद घेऊन या, आम्ही बसून तपासू. इंग्रजी करार वाचून समजावून देऊ. त्यात लाज कसली? जाळे विकत घेताना आपण आस ताणून बघतो, मग पोराचा करार न बघताच सही का?

संकट आले की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीच्या जिलिओ बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर गेले. चार हजारांहून जास्त माणसे होती, 32 गेली. त्या छोट्या बेटावरच्या लोकांनी चर्च, शाळा आणि घरे उघडून भिजलेल्या माणसांना आत घेतले. शेवटचा मृतदेह सापडला तो नोव्हेंबर 2014 मध्ये, आणि तो मुंबईकडच्या एका वेटरचा होता. जवळपास तीन वर्षे त्याच्या घरच्यांनी वाट पाहिली. 2020 च्या कोविडमध्ये पाहुणे आधी घरी गेले आणि कर्मचारी कित्येक आठवडे जहाजातच अडकून राहिले. त्यात गोव्याची किती पोरे होती, हे इथल्या वाड्यावाड्याला ठाऊक आहे.

आपल्या बोटीवर काय चालते?

आता थोडे कडू बोलतो, राग मानू नका. आपली पोरे जहाजावर गेली आणि आपल्या ट्रॉलरवर ओडिशा, झारखंड, आंध्र, कर्नाटकातली पोरे आली. त्यांच्याही आया तिकडे व्हिडिओ कॉलची वाट बघतात. आपल्या पोराला दहा तास विश्रांती मिळावी म्हणून आपण कायदा शोधतो, पण आपल्या खलाशाला किती तास झोप मिळते, हे कधी मोजले? मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन मासेमारी बोटींना लागू होत नाही, हे खरे. पण मासेमारीसाठी 2007 चा वेगळा जागतिक करार आहे आणि तीन दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहणाऱ्या बोटींवर त्यातही 24 तासांत 10 तासांचीच विश्रांती लिहिलेली आहे.

2024 मध्ये कुटबण जेटीवर खलाशांमध्ये कॉलराची साथ आली, माणसे दगावली. कारण साधे होते, पिण्याचे पाणी आणि संडास. पांढऱ्या जहाजावर पोट बिघडल्याची चार प्रकरणे झाली तरी सगळे जहाज धुऊन काढतात. आपल्या जेटीवर निदान स्वच्छ नळ आणि चालू संडास तरी हवा ना? सरकारकडे मागायचाच, पण बोटमालक म्हणून आपलाही वाटा आहे. दुसऱ्याच्या जहाजावर आपल्या पोराला माणूस म्हणून वागवा, असे सांगायचे असेल तर आपल्या बोटीवर आधी तसे वागायला लागेल.

बंदरांनी काय केले?

क्रूझ येणार म्हटले की आपल्याकडे दोनच बाजू होतात, विकासवाले आणि विरोधवाले. बाहेरच्या बंदरांनी मात्र तिसरी वाट काढली. त्यांनी अटी घातल्या.

अमेरिकेच्या फ्लोरिडातले की वेस्ट हे छोटे बेट घ्या. तिथे गिऱ्हाइकांना बोटीतून मासेमारीला नेणारे कप्तान बघत होते, की मोठे जहाज अरुंद वाटेतून आत आले की तळाचा गाळ ढवळून पाणी गढूळ होते. कोविडमध्ये जहाजे बंद पडली आणि पाणी निवळलेले दिसले. नोव्हेंबर 2020 मध्ये गावाने मतदान घेतले. दिवसाला 1,500 पेक्षा जास्त माणसे उतरू नयेत, 1,300 हून जास्त क्षमतेचे जहाज नको, आणि स्वच्छ जहाजांना आधी जागा. तिन्ही ठराव 60 टक्क्यांहून जास्त मतांनी जिंकले. पण 2021 मध्ये राज्य सरकारने कायदा करून हे मतदानच निकालात काढले. म्हणजे गाव एक झाला म्हणून पुरत नाही, वरच्या पातळीवर लेखी करून घ्यावे लागते.

मेन राज्यातले बार हार्बर हे शेवंडी पकडणाऱ्यांचे गाव. तिथे 2022 मध्ये लोकांनी दिवसाला 1,000 पाहुण्यांची मर्यादा घातली. धंदेवाले कोर्टात गेले, 2024 मध्ये कोर्टाने मर्यादा मुख्यतः उचलून धरली. अलास्कातल्या जुनो शहराने भांडण न करता कंपन्यांबरोबर लेखी करार केला. आधी दिवसाला पाचच मोठी जहाजे, आणि 2026 पासून पाहुण्यांच्या खाटांवरही मर्यादा, रविवार ते शुक्रवार 16,000 आणि शनिवारी 12,000. शनिवारी जहाजे पूर्ण बंद करा असा ठरावही तिथे मतदानाला आला होता, तो लोकांनीच फेटाळला. कारण त्यांनाही धंदा हवा आहे. अलास्का राज्य प्रत्येक पाहुण्यामागे डोईपट्टी घेते आणि त्यातले 5 डॉलर जहाज लागते त्या पहिल्या सात बंदरांना प्रत्येकी देते.

व्हेनिसमध्ये 2019 च्या जूनमध्ये एक क्रूझ जहाज ताबा सुटून धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर आदळले. 2021 मध्ये इटलीने 25,000 टनांवरच्या जहाजांना शहराच्या मधल्या पाण्यातून बंदी घातली. अपघात झाल्यावर शहाणपण आले. आपल्याला त्याआधी यायला काय हरकत आहे?

आता घाणीचे. जागतिक नियमाप्रमाणे जहाजाला दळून निर्जंतुक केलेले संडासाचे पाणी किनाऱ्यापासून 3 सागरी मैलांच्या बाहेर आणि प्रक्रिया न केलेले 12 मैलांच्या बाहेर सोडता येते. प्लास्टिक मात्र कुठेही टाकायला बंदी. नियम कागदावर ठीक आहे, पण रात्री समुद्रात बघणार कोण? 2013 मध्ये 'कॅरिबियन प्रिन्सेस' या जहाजाने इंग्लंडजवळ तेलकट पाणी चोरपाइपाने समुद्रात सोडले. ते उघड केले जहाजावर नव्याने लागलेल्या एका इंजिनिअरने. कंपनीला 4 कोटी डॉलरचा दंड 2016 मध्ये ठरला. बघा, किनाऱ्यावरच्या कुणाला ते कळले नव्हते, आतल्या माणसाला कळले. जहाजावर जाणारी आपली पोरे समुद्राचे डोळेही आहेत. त्यांना आपण सांगून पाठवायला हवे, की समुद्र तुझ्या बापाच्या जाळ्याचाही आहे.

आणि आपण काही धुतल्या तांदळासारखे नाही. आपल्या इंजिनाचे काळे तेल, फाटकी जाळी, थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या कुठे जातात? मागणी करताना हेही सुधारायचे आहे.

आपण काय मागायचे?

वास्कोत खारीवाड्याचे होडीवाले आणि बंदर यांच्यातला जागेचा प्रश्न जुना आहे. बंदराच्या खोदकामाविरुद्ध 2016 मध्ये होडीवाल्यांची संस्थाच हरित लवादाकडे गेली आणि काम थांबले. म्हणजे आपल्याला लढता येते. पण प्रत्येक वेळी काम सुरू झाल्यावर कोर्टात धावण्यापेक्षा आधी टेबलावर बसून लेखी घेतलेले बरे. आमच्या मते पाच गोष्टी मागायला हव्यात.

पहिली, नवी पर्यायी जेटी पूर्ण बांधून, बर्फ, पाणी, डिझेल आणि लिलावाची जागा चालू झाल्याशिवाय जुन्या जेटीचा एक खांबही हलवायचा नाही.

दुसरी, जहाजाच्या येण्याजाण्याच्या वेळा आणि वाट हंगामाच्या आधी सोसायट्यांना मराठी-कोकणीतून कळवायची. त्या वाटेत जाळे फाटले तर भरपाई कोण देणार, तेही लिहून हवे.

तिसरी, पाहुण्यामागे बंदराला जे मिळते त्यातला ठरलेला वाटा मच्छीमार जेटीच्या पाण्या-संडासासाठी आणि खलाशांच्या निवाऱ्यासाठी.

चौथी, गोव्याच्या किनाऱ्यापासून 12 मैलांच्या आत कोणतेही सांडपाणी नको, प्रक्रिया केलेलेसुद्धा. धक्क्यावर ते उतरवून घ्यायची सोय बंदराने करावी.

पाचवी, उतरणाऱ्या पाहुण्यांच्या सहली, होडीची सैर, मासळीचे जेवण यांत स्थानिक सोसायट्या आणि महिला गटांना आधी संधी. आणि गोठवलेली, कागदपत्रांसह मासळी पुरवायची तयारी आपण केली तर जहाजाच्या पुरवठादाराशी बोलणी घडवून द्यावीत. त्यासाठी आपल्यालाही स्वच्छ शेड आणि परवाने लागतील. ते काम आपले.

यातले सगळे मिळेलच असे आम्ही म्हणत नाही. पण न मागता काहीच मिळत नाही, एवढे या धंद्यात केस पांढरे झाल्यावर कळले आहे.

म्हणून सोसायटीच्या पुढच्या बैठकीला दोघांनी या. ज्यांची पोरे जहाजावर आहेत किंवा जायची आहेत त्यांनी करार घेऊन या. ज्यांच्या होड्या बंदराच्या तोंडाशी जाळी टाकतात त्यांनी आपली जागा नकाशावर दाखवायला या. बायकांनी तर नक्की या. मासळी विकणारी तीच, पोराच्या फोनची वाट बघणारीही तीच. तिच्यापेक्षा चांगला हिशेब कुणाला येतो?

पाहुणा म्हणून आलेल्या जहाजाला आपण हात हलवूच. आपल्या किनाऱ्याची ती रीत आहे. पण हात हलवताना पायाखालची जेटी आपलीच राहील, एवढे आपण आताच पक्के करून घेऊ.